दोरीला हात

जेटीवर काम करणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. त्याला हुशारी लागत नाही. फेरीबोट आगरदांड्याहून दिघीला निघाली की परत येईपर्यंत करायला काही नसतं. गाड्या रांगेत, ड्रायव्हर बशीरचाचाच्या टपरीवर आणि आम्ही गाड्या चढवणारे कठड्यावर. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, परवाचं ऐकलंस का?" की झालं सुरू! जेटीच्या पायऱ्यांखाली खेकडे जमतात तसे हे जमतात. एक बाहेर काढायला जावं, तर त्याचा पाय धरून दुसरा येतो.

माझ्याकडचे सगळे एकाच वाणाचे आहेत. त्याचं कारण आधी सांगतो.

मी लॉची दोन वर्षं केली आणि सोडलं. का, ते विचारू नका. विचारलंतच तर, सर नोट्स वाचून दाखवायचे आणि मला वाचता येत होतं. तेव्हापासून जेटीवर सगळे मला 'वकील' म्हणतात. "वकील, ती बोलेरो रिव्हर्स घे!" अशी आमची प्रॅक्टिस. पण त्या दोन वर्षांत एक शब्द डोक्यात घुसला तो निघाला नाही. अपप्रेरणा. म्हणजे गुन्हा आपण करायचा नाही. दुसऱ्याला चढवायचं, नाहीतर त्याच्याबरोबर कट शिजवायचा, नाहीतर त्याला लागेल ती मदत करायची. तिन्हीला मिळून हा एक शब्द. परीक्षेत 'उदाहरणासह स्पष्ट करा' आलं होतं. मी आमच्या वाडीचं नाव लिहून पेपर दिला असता तरी पास झालो असतो!

फैजान माझा शाळेपासूनचा दोस्त. आज तो कतारला क्रेनवर असायला हवा होता. तो इथे माझ्या शेजारी कठड्यावर बसलाय आणि म्हणतोय, "हा सांग, तो नको." तो 'नको' म्हणतोय तेच मी सांगणार आहे.

*

आमची वाडी जेटीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. तिथला एक रिवाज आहे. होडी पाण्यातून वर ओढायची असली की हाक येते, "हात लावा रे!" आणि काठावर जो असेल त्याने दोरीला हात लावायचा. होडी कुणाची, कुठून आली, आत काय आहे, काही विचारायचं नाही. नवरदेव असला तरी शेरवानीच्या बाह्या वर करून लावायचा. पुण्याचे टुरिस्टसुद्धा लावतात आणि नंतर सेल्फी काढतात.

एकदा पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत एक साहेब तपासणीला आले. वाडीतली एक होडी चोरून समुद्रात गेल्याची त्यांना टीप होती. साहेब किनाऱ्यावर उभे, पँट वर दुमडलेली, छत्री हातात. तेवढ्यात होडी खाडीत शिरली आणि हाक आली, "हात लावा रे!"

साहेब नवीन होते. सगळे धावले म्हणून तेही धावले. छत्री टाकली आणि दोरीला हात लावला. 'हैस्सा, हैस्सा' करून होडी वर आली. आत पापलेट! आणि सगळ्यात पुढे दोरी धरून, धापा टाकत, साहेब!

वाडीच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष दामूनाना. ते शांतपणे पुढे आले, साहेबांच्या हातात छत्री दिली आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही तर आमच्यातलेच निघालाव!"

साहेबांनी हात पुसले आणि गेले. परत कधी आले नाहीत. आम्ही पोरं पोट धरधरून हसलो होतो. तेव्हा हसायला येत होतं.

*

दुसरा किस्सा घरातला. माझे बाबा शाळामास्तर होते. आता रिटायर झालेत, पण वाडी त्यांना अजून 'गुरुजी'च म्हणते आणि ते अजून ओ देतात.

दहावीच्या परीक्षेला आमच्या केंद्रावर खिडक्यांखाली आईबापांची जत्रा भरायची. चिठ्ठ्या दगडाला बांधून आत यायच्या. बाबा व्हरांड्यात सुपरवायझर. त्यांनी कधी कुणाला चिठ्ठी दिली नाही. ते तत्त्वाचे! फक्त फाटकापाशी भरारी पथकाची जीप दिसली की त्यांना खोकला यायचा. मोठा खोकला. तो ऐकला की चिठ्ठ्या चड्डीत आणि आईबाप झुडपात. आमच्या बाबांना खोकला वर्षातून एकदाच व्हायचा, मार्चमध्ये!

माझ्या वर्षी पथक आलं आणि बाबा खोकले नाहीत. स्वतःचा मुलगा वर्गात आहे, लोक काय म्हणतील! पथक थेट आत. सगळे बेसावध. आणि पकडला गेला कोण? फैजान.

फैजानला सगळं येत होतं. त्याला चिठ्ठीची गरजच नव्हती. मागून एक चिठ्ठी आली, मागचा कुजबुजला, "पुढे दे." फैजानने पुढे हात केला आणि तो हातच पथकाने धरला.

त्याचं वर्ष गेलं. बाबा त्याच्या घरी जाऊन म्हणाले, "बेटा, वाईटाला हात लावू नये." मी दारात उभा होतो. मी म्हटलं, "बाबा, आणि खोकू नये."

त्यानंतर बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. आमच्या घरात खरं बोललं की शांतता मिळते.

*

दामूनानांचा आवाज. याच्याबद्दल आधीच सांगायला हवं. तसा आवाज खाडीच्या दोन्ही काठांवर नाही. नाना होडीतून बोलले की वाडीतल्या कोंबड्या जागच्या हलतात. त्यांच्या बायकोला, हिराबायला, पोरांनी मोबाईल दिला तर तिने तो फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. "मना कशाला? यांचा आवाज येतो ना!"

नाना कधी कुणावर हात उचलत नाहीत. आवाज उचलतात.

आमची क्रिकेटची टूर्नामेंट होती. पलीकडच्या गावचा अंपायर. त्याने एक रनआऊट दिला आणि तंबूतून नानांचा आवाज आला, "अरे बघताव काय? घ्या त्याला!" पोरांनी घेतला. अंपायरचा दात पडला. दात पडल्याबरोबर नाना तंबूत नव्हते.

संध्याकाळी देवळापुढे बैठक. मधल्या खुर्चीत कोण? नानाच! समोर मारणारी पोरं खाली मान घालून. नाना म्हणाले, "तुमाला कोनी शिकवला असा वागायला?" एकालाही हसू आलं नाही, इतकी आमची पोरं वळणाची. शिक्षा झाली. सगळ्यांनी नारळ घेऊन पलीकडे जायचं आणि अंपायरच्या पाया पडायचं. माझे बाबा शेजारच्या खुर्चीत मान डोलवत होते.

तेवढ्यात नानांना ठसका लागला आणि ते ओरडले, "पाणी!" चार घरं सोडून चुलीपुढून हिराबायचा आवाज आला, "आले, आले!"

अख्खी बैठक हसली. तेवढं एकच हसण्यासारखं होतं.

*

हा किस्सा नाही. पण हा सांगितला नाही तर पुढचं कळणार नाही, आणि फैजान माझी बाही ओढतोय की हा तरी सांग.

फैजानचे अब्बा वाऱ्यात सापडले, तेव्हा आम्ही पाचवीत होतो. समुद्र असा की किनाऱ्यावर उभं राहवत नव्हतं. कुणी होडी काढायला तयार नव्हतं. दामूनाना देवळाच्या पायरीवर चढले आणि एकदाच ओरडले, "हात लावा रे!" वाडीतली झाडून प्रत्येक होडी पाण्यात गेली. कोळ्यांच्या, मुसलमानांच्या, सगळ्या. पहिल्या होडीत नाना स्वतः.

अब्बा जिवंत नाही मिळाले, पण मिळाले. खालाला, म्हणजे फैजानच्या आईला, माती देता आली. ती अजून म्हणते, "त्या आवाजाचं माझ्यावर कर्ज हाय."

तोच आवाज. हे लक्षात ठेवा.

*

आता ती सकाळ.

बाहेरच्या बोटी मोठाले एलईडी दिवे लावून मासे ओढतात. त्याला बंदी आहे, पण बंदी समुद्राला कोण सांगणार? आमच्या लहान होड्या जाळं टाकतात आणि पाणी गाळून परत येतात. त्यातली एक बोट इंजिन बंद पडून आमच्या खाडीच्या तोंडाशी लागली. वाडी गेली आणि दोरी बांधून तिला घेऊन आली.

फैजान मुरूडहून व्हिसाचा फोटो काढून येत होता. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, केसांना पाणी लावलेलं. नोकरी पक्की झाली होती. फक्त पोलिसांचा दाखला यायचा होता, की याच्यावर काही गुन्हा नाही. तो रिक्षातून उतरला आणि हाक आली, "हात लावा रे!"

त्याने फोटोचं पाकीट दगडावर ठेवलं, पाकिटावर चप्पल ठेवली आणि दोरीला हात लावला. तो सगळ्यात उंच. त्याला सगळ्यात पुढे घेतला.

बोट वर आली. आतल्या खलाशांना उतरवून सुरूच्या झाडांखाली बसवलं. बशीरचाचाने त्यांना चहा दिला. इथपर्यंत सगळं आमच्या रिवाजाप्रमाणे. मग मागून आवाज आला, "लावा काडी! बघू कोन येतो विचारायला!"

मागून एक डिझेलचा कॅन हातोहात पुढे येत होता. फैजानच्या मागचा म्हणाला, "पुढे दे."

त्याने दिला.

मी तेव्हा फेरीबोटीवर होतो, दिघीहून परत येत. धूर दिसला. एक पुण्याची बाई मला म्हणाली, "अय्या, तुमच्याकडे आज होळी आहे का?" मी म्हटलं, "आमच्याकडे कधीही असते."

नानांच्या पुतण्याने, राकेशने, सगळ्याचा व्हिडिओ काढला. आणि गाढवाने तो स्टेटसला टाकला! वर दोन वाघ आणि आगीचं चित्र. पोलिसांना पुरावा शोधायला यायची गरजच पडली नाही, पुरावा त्यांच्या फोनवर गुड मॉर्निंगच्या मेसेजांमध्ये येऊन पडला.

व्हिडिओत काय दिसतं? बोट दिसते. पाठी दिसतात. पुढे पांढऱ्या शर्टातला, व्हिसाच्या फोटोसाठी भांग पाडलेला फैजान दिसतो. आधी दोरी ओढताना, मग कॅन देताना. पासपोर्टलासुद्धा इतका क्लिअर आला नसता! काडी लावणारी दोघं धुरात. राकेश कॅमेऱ्यामागे. आणि नाना राकेशच्याही मागे. नाना कुठेच दिसत नाहीत.

फक्त ऐकू येतात.

*

मग जबाब. पोलीस घरोघरी फिरले.

त्या सकाळी अख्खी वाडी घरात होती हो! कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाची म्हैस व्यायली होती. वाडीत म्हैस एकच आहे आणि ती भाकड आहे. बोट आपली आपण पाण्यातून चालत वर आली आणि स्वतःला पेटवून घेतलं.

बशीरचाचा म्हणाला, "साहेब, मी चहा करत होतो. धूर दिसला, पण मला वाटलं माझ्याच चुलीचा हाय!"

"आणि ते खलाशी? त्यांना चहा कुणी दिला?"

"गिऱ्हाईक समजून दिला."

नाना म्हणाले, "मी वयस्कर मानूस. मना गर्दीत सोसत न्हाय."

बाबा त्या वेळी देवळाशेजारच्या कट्ट्यावर होते. मला हे माहीत आहे, कारण तेच घरी येऊन सांगत होते की आग किती उंच गेली. हवालदारांना म्हणाले, "मी घरी वाचत बसलो होतो."

हवालदार गेल्यावर मी विचारलं, "काय वाचत होतात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "संविधान."

मी हवालदारांच्या मागे धावलो. म्हटलं, "साहेब, व्हिडिओतला आवाज मी सांगतो कुणाचा आहे." ते म्हणाले, "तू कुठे होतास?" म्हटलं, "फेरीबोटीवर." ते म्हणाले, "मग तू धूर सांग. आवाज तिथं असलेल्याने सांगायचा."

तिथं असलेले सगळे घरी होते.

*

मी फैजानला घेऊन तालुक्याला एका वकिलाकडे गेलो. खऱ्या वकिलाकडे. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कॅन दिलास म्हणजे मदत केलीस, असं ते म्हणणार."

फैजान म्हणाला, "मागून आला, मी पुढे दिला."

"कशासाठी चाललाय हे माहीत होतं का? केस तिथे अडणार."

"सर, कॅन हातात आल्यावर मी विचार नाही केला. विचार करायच्या आत हात पुढे जातो आमचा."

वकिलांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग मी विचारलं, "आणि जो ओरडला तो?"

"तो?" ते म्हणाले. "चढवणारा माणूस जागेवर हजर असेल तर गुन्हा त्यानेच केला असं कायदा धरतो. काडी त्याच्या हातात नसली तरी. पण आवाजाला नाव लागतं. कुणीतरी नाव घेतलं की हा पोरगा कुणाच्या शब्दावर दोरी ओढत होता, ते समोर येईल. नाहीतर हा एकटाच समोर आहे. तू घे ना नाव! तू तर तिथे होतास."

फैजान टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला.

बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. व्हिसा जाईल, म्हटलं. कोर्टाच्या तारखांवर म्हातारा होशील. तो एवढंच म्हणाला, "अब्बांना आणलं त्यांनी."

दोन-तीन दिवसांनी नाना खालाच्या दारात आले, हातात ही एवढी सुरमई. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "खालाबाय, एकाचा नाव गेला तर वाडी वाचल. पोराला काय होत न्हाय. जामिनाचा आमी बघू." सुरमई ओट्यावर ठेवली. नाना गेले.

मी म्हटलं, "खाला, फेक तो मासा!"

खालाने पाट काढला, विळी ओढली. म्हणाली, "मासळीचा काय गुन्हा?"

तिने केली सुरमई. आम्हाला वाढली. स्वतः डाळ खाल्ली.

*

पोलिसांचा दाखला आला नाही. येणारच नव्हता. मुंबईचा एजंट काही दिवस थांबला, मग त्याने फोन केला की कंपनीला माणूस हवाय, तुझ्याकडे क्रेनचं लायसन असलेला दुसरा कुणी आहे का.

होता. राकेश! दोघांनी कोर्स बरोबरच केला होता. राकेशवर गुन्हा नाही. राकेश व्हिडिओत नव्हताच, तो तर काढत होता. त्याचा दाखला सहज आला.

व्हिडिओ काढणारा कतारला गेला, व्हिडिओतला इथे राहिला.

ज्या दिवशी राकेश निघाला, त्या दिवशी अख्खी वाडी एसटी स्टँडवर. नाना, बाबा, बशीरचाचा, हार वगैरे. हिराबाय डोळे पुसत होती. फैजानसुद्धा आला होता. मी म्हटलं, "तू कशाला?" तो म्हणाला, "दोस्त आहे."

एसटी लागली. राकेश आत चढला. त्याची मोठी बॅग खाली राहिली होती. गर्दीत हातोहात पुढे येत ती फैजानच्या मागच्याकडे आली. मागचा म्हणाला, "पुढे दे."

मी तोंड फिरवलं. पुढचं मी बघितलं नाही. पण एसटी निघाली तेव्हा बॅग खाली नव्हती.

*

आता शेवटचा. हा फैजान मला कधीच सांगू देत नाही.

पोलीस ठाण्याला नवे इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी सगळ्या केसेस पुन्हा काढल्या. आरोपपत्र जायच्या आधी म्हणाले, वाडीतल्या ज्येष्ठांना बोलवा, आवाज ऐकवतो. फैजानसाठी ही शेवटची संधी होती. आरोपपत्रात तो एकटा गेला, की पुढची सगळी वर्षं गेली. पुन्हा कुठला एजंट फोन करणार नव्हता.

फैजानला तशीही ठाण्यात हजेरी असते. मी त्याला बाइकवर घेऊन गेलो. व्हरांड्यात बाक, बाकावर हिराबाय. मांडीवर पिशवी. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू. नाना म्हणाले होते, जबाब झाला की तसंच पुढे अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. तिने फैजानचा हात चाचपला आणि म्हणाली, "कोन, खालाचा फैजू का? सुकलास रं." पिशवीतून एक लाडू काढून त्याच्या हातात दिला. फैजानने तो धरून ठेवला.

दार उघडंच होतं. आत तिघे खुर्च्यांवर. बाबा, बशीरचाचा, नाना. नानांनी धोतर परीटघडीचं नेसलेलं. इन्स्पेक्टरांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा करून व्हिडिओतला तेवढाच तुकडा लावला.

"लावा काडी! बघू कोन येतो विचारायला!"

ठाण्याच्या भिंतीसुद्धा छान घुमल्या.

"गुरुजी, ओळखीचा वाटतो?"

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. आवाज ऐकायला! "नाही बुवा," ते म्हणाले. "सांगता येत नाही."

फैजानने लाडू पँटच्या खिशात टाकला.

"चाचा?"

"गर्दीत सगळ्यांचा आवाज सारखाच येतो, साहेब."

"तुम्ही, नाना?"

नाना म्हणाले, "कोनतरी बाहेरचा असल. आमच्या वाडीत असा आवाज न्हाय."

व्हरांड्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. हिराबाय पिशवी काखेत मारून, बाकाचा कोपरा धरून उठली होती. भिंत चाचपत ती दारापर्यंत गेली.

"आले, आले!" ती म्हणाली. "झाला का तुमचा? चला."

आत हवालदारांचं पेन थांबलं. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. इन्स्पेक्टर खुर्चीतून अर्धे उठले आणि हळू म्हणाले, "बाई, बसा तुम्ही. अजून वेळ आहे."

"बरं," हिराबाय म्हणाली. परत भिंत चाचपत आली, फैजानच्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेतली.

इन्स्पेक्टरांनी टेबलावरच्या फोनवर परत बोट ठेवलं.

"लावा काडी! बघू—"

हिराबाय उठली.

"आले म्हनतंय ना! कितींदा हाक मारताव?"